साध्या कपड्यातला पेशंट

डॉक्टरच्या टेबलाच्या खालच्या खणात सॅम्पलच्या गोळ्या साठत जातात. आपण त्या मागवलेल्या नसतात, टाकून द्यायलाही जीव होत नाही, आणि एक दिवस खण उघडला की बदाबदा अंगावर येतात. आमच्या चौघांचे किस्से असेच साठलेत.

चौघं म्हणजे गजानन, प्रशांत, रेणुका आणि मी, प्रज्ञा. एकाच सरकारी कॉलेजात एमडी मेडिसिन केलं, एकाच वॉर्डात शिव्या खाल्ल्या, एकाच डब्यातली भाजी खाल्ली. एमडी झाल्यावर मात्र चौघांच्या चार वाटा झाल्या. गजानन हृदयरोगाचं पुढचं शिकायला गेला, प्रशांत पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला लागला, रेणुका इन्शुरन्स कंपनीत गेली आणि मी चिखलीला परत आले.

गंमत वाटांची नाही. घरच्यांनी त्या वाटांचा जो तपास लावला, त्याची आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पोरगं नापास झालं तर लोक समजून घेतात. पास होऊन भलतंच काही केलं, तर मात्र चौकशी बसते.

*

सुरुवात गज्याच्या लग्नापासून करू. लग्न पिंपळगाव राजाला, त्याच्या गावी. जेवणाच्या पंगतीतच त्याच्या आत्यानं मला गाठलं.

"तू कशाची डॉक्टर हायेस वं?"

"मेडिसिनची, आत्या."

"ते समजलं. पण हाडाची का डोळ्याची?"

"एकाच भागाची नाही. मोठ्या माणसांचं सगळंच बघतो आम्ही."

आत्यानं शेजारच्या प्रशांतकडे मोर्चा वळवला. "अन् तू?"

"मीपण तेच."

"अन् आमचा गजानन?"

"तोपण तेच."

आत्यानं भाताचा घास घेतला. मग पलीकडच्या बाईला, आम्हाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सगळंच पाह्यतेत म्हणे. म्हंजे धड काहीच येत नाही."

गज्यानं हृदय घ्यायचं त्याच पंगतीत ठरवलं, असं प्रशांत आजही शपथेवर सांगतो.

*

गज्याला डीएमची सीट मिळाली. एमडीच्या वरची पदवी, आणखी तीन वर्षं. आम्ही पेढे वाटले. त्याच्या वडिलांनी पेढा हातात धरून ठेवला.

"डॉक्टर झाला म्हंता. मंग आणखी तीन वर्षं कायची?"

"बाबा, हे वरचं शिक्षण आहे."

"पयले साडेपाच वर्षं झाले, मंग तीन झाले. आमच्या गावात इतके वर्षं फक्त नापास पोट्टेच शाळेत जातेत."

पेढा त्यांनी खाल्ला, पण समाधान झालं नाही. महिन्याभरानं कोणाला न सांगता ते थेट गज्याच्या कॉलेजात पोचले. ओपीडीबाहेरच्या बाकावर पेशंटमध्ये जाऊन बसले आणि दुपारपर्यंत नुसतं बघत राहिले. त्या दिवशी गज्याचा काहीतरी रिपोर्ट बघायचा राहून गेला होता, आणि त्याच्या सरांनी त्याला सगळ्यांसमोर असा धुतला, की पेशंटांनी माना खाली घातल्या.

गज्याला न भेटताच वडील गावी परतले. पारावर बसून त्यांनी आनंदानं जाहीर केलं, "शिकूनच राह्यला हो आपला गजानन. मास्तर त्याले शिव्या देऊन राह्यला होता. माह्या डोयानं पाह्यलं."

*

प्रशांत धाडचा. पुण्याच्या हॉस्पिटलात त्याचं काम असं, की भरती झालेले पेशंट दिवसभर सांभाळायचे. ऑपरेशन हाडवाल्या डॉक्टरांचं असो की पोटवाल्यांचं, पेशंटची शुगर, बीपी, ताप, श्वास याच्याकडे. काम मोठं, पण स्वतःची ओपीडी नाही, आणि म्हणून दारात नावाची पाटीही नाही.

त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं. एका मुलीचे मामा पुण्याला चौकशीला गेले. हॉस्पिटलच्या दारातला मोठा बोर्ड त्यांनी वरून खाली आणि खालून वर वाचला. त्यात प्रशांतचं नाव नव्हतं. गार्डला विचारलं, तर गार्ड नवा होता. मामा तिथूनच माघारी फिरले आणि धाडच्या बाजारात भर गर्दीत सांगून मोकळे झाले, "त्या नावाचा डॉक्टरच नाही तिथं. पोट्टा कपडे घालून कुठी जाते, कोणाले माहीत."

स्थळ मोडलं. प्रशांतच्या आईनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी उठून तिनं चिखलीहून पाटी रंगवून आणली, डिग्रीसकट, आणि घरात जागा नव्हती म्हणून गोठ्याच्या दारावर ठोकली.

पुढच्या बाजारी गोठ्यासमोर पंधरा-वीस माणसं बसलेली. माउलीनं कोणाला परत पाठवलं नाही. म्हणाली, "डॉक्टर पुढच्या बाजारी येतीन."

प्रशांत आता महिन्यातून एका बाजाराला पुण्याहून धाडला येतो. म्हशी मागच्या अंगणात हलवल्या आहेत.

*

रेणुकाचं काम सगळ्यात वेगळं. ती पेशंट बघत नाही, पेशंटच्या कागदांवर संशय घेते. कोणी हॉस्पिटलचा खर्च मागितला, की आजार खरा होता का, भरती व्हायची गरज होती का, हे ती ठरवते. आम्ही तिला चिडवायचो, की एमडी करून तू डॉक्टरची पोलीस झालीस. ती म्हणायची, "मला हो म्हणण्याचा पगार नाही. नाही म्हणता आलं तर म्हणायचं, नाहीच म्हणता आलं तर हो म्हणायचं."

तिची आई बाथरूममध्ये पडली, मनगट मोडलं. रेणुकाचा फोन गेला. काळजीचं बोलणं झाल्यावर तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पडलीस तेव्हा साक्षीला कोण होतं?"

आई म्हणाली, "तुझा बाप होता. पण त्याचं तू ऐकशील का?"

*

आता माझं घर.

आबा, म्हणजे माझे वडील, एसटीत तिकीट तपासायला होते. गाडी मध्येच थांबवून चढायचं आणि प्रत्येकाकडे संशयानं बघायचं, याचा त्यांना आयुष्यभर पगार मिळाला. रिटायर झाले, पण नजर रिटायर झाली नाही. घरी आलेल्या पाहुण्याचा 'जय भीम' घेतानाही ते त्याच्या खिशाकडे बघतात, असं आई म्हणते.

त्यांची एक युक्ती ते लहानपणी आम्हाला रंगवून सांगायचे. कंडक्टर नवा असला, की साध्या कपड्यातला एक माणूस आधीच्या थांब्यावर गाडीत बसवायचा. तो नकली प्रवासी. त्याला सगळं शिकवलेलं असायचं. त्यानं गप्प बसायचं, काही मागायचं नाही, कंडक्टर आपणहून काय करतो ते बघायचं. बहुतेक कंडक्टर पास व्हायचे. मग आबा त्यांच्या कागदावर लिहायचे, "तपासले. बरोबर." आणि खाली सही.

ही सही मला कधी मिळाली नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर कायम आईची सही असायची. मी एकदा रडून विचारलं, तेव्हा आबा म्हणाले, "मी तपासल्याशिवाय सही करत नाही. अन् घरच्या माणसाची तपासणी आपल्याले करता येत नाही, तसा नियम हाये."

पहिला नंबर आला तेव्हाही नियम बदलला नाही.

*

मी चिखलीला परत आले ते स्वतःच्या खुशीनं. एमडी करताना वॉर्डात आमच्या भागातले पेशंट यायचे, ते फार उशिरा यायचे. एक बाजू लुळी पडून दिवस उलटलेला असायचा. कालच का नाही आणलं, असं विचारलं की नातेवाईक खाली बघायचे आणि म्हणायचे, "इथं यायचं का नाही, हे सांगणारंच कोणी नव्हतं." ते ऐकून मला राग यायचा आणि रडूही यायचं. ते सांगणारं माणूस आपण व्हायचं, एवढं मी ठरवलं. बस स्टँडजवळ दवाखाना काढला.

हे कारण मी आबांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "खरं कारण काय?"

"हेच खरं आहे, आबा."

"पोरी, मी इतके वर्षं नोकरी केली. मोठ्या डेपोतून लहान डेपोत कोणी खुशीनं येत नाही. शिक्षा झाल्यावरच येतेत. तू सांग, काय झालं तिथं? मी रागावत नाही."

काहीच झालेलं नव्हतं, आणि काहीच न झाल्याचा पुरावा कोणाकडे नसतो.

गावाचंही तेच. पेशंट समोर बसायचा आणि मनगट पुढं करायचा. काय होतंय विचारलं की म्हणायचा, "तुम्हीच सांगा. मी सांगतलं तं मंग तुम्ही काय केलं?" एक आजोबा सकाळी माझ्याकडे आणि दुपारी समोरच्या डॉक्टरांकडे जायचे, आणि संध्याकाळी हॉटेलात बसून दोघांच्या गोळ्यांचे रंग जुळवायचे. एक बाई तर तपासून झाल्यावर म्हणाली, "ताई, तुम्ही चांगल्याच दिसता. मंग इथं काऊन आल्या?"

प्रशांतनं त्याच्या हॉस्पिटलात माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. मे महिना संपायच्या आत हो किंवा नाही सांगायचं होतं. मी मनाशी ठरवलं, तोवर इथं कोणाचा विश्वास बसला तर ठीक, नाहीतर पुणे.

*

एप्रिलात नामदेवकाका आले. आबांचे जुने दोस्त, डेपोच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. अंगानं पैलवान. या वयातही मोटरसायकल एकट्यानं उचलून कडेला ठेवणारा माणूस. ते आले, बसले आणि मनगट पुढं केलं.

"काय होतंय काका?"

"तू पाह्य."

मी नाडी धरली. नाडीला ताल नव्हता. दोन ठोके जवळजवळ, मग एक लांब, मग तीन घाईघाईत. ईसीजी काढला, त्यातही तेच. अशा नाडीत बऱ्याचदा माणसाला काही जाणवत नाही, पण हृदयात रक्त साचून गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली की लकवा. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. रक्त पातळ ठेवायची गोळी लिहून दिली, ती एक दिवसही चुकवायची नाही असं सांगितलं, आणि हृदयाची सोनोग्राफी करून आणा म्हणाले.

काका माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात भीती नव्हती, वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं. कागद घडी करून खिशात घातला आणि निघून गेले.

त्याच संध्याकाळपासून आबांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. मी जेवायला बसले की त्यांचं जेवण झालेलं असायचं. मी समोर आले की पेपर वर जायचा. आई म्हणाली, "इचार ना त्यांले." मी विचारलं. पेपरमागून उत्तर आलं, "काही नाही."

*

आठवड्यानं गज्याचा फोन आला. तो आता संभाजीनगरला हृदयाचा दवाखाना चालवतो.

"प्रज्ञा, तुझे आबा आले होते माझ्याकडे."

"आबा? काय झालं त्यांना?"

"त्यांना काही नाही. सोबत एक पैलवान होता, त्याला दाखवायला. आबांनी मास्क आणि काळा चष्मा लावलेला. मला म्हणाले, मी पेशंटचा भाऊ."

"मग तू ओळखलंस कसं?"

"पावती दिली ती त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली. असं जगात एकच माणूस करतो."

नामदेवकाकांना आधी कुठं दाखवलं का, असं गज्यानं विचारलं, तर आबा म्हणाले, "कुठीच नाही." गज्यानं तपासलं आणि माझंच निदान, माझीच गोळी सांगितली. माझा कागद त्यानं पाहिलेलाही नव्हता.

मला हायसं वाटलं. म्हटलं, आता तरी काका गोळी सुरू करतील. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले, तर काका अंगणात स्कूटर उघडून बसलेले. गोळीचं पाकीट आणलेलंच नव्हतं.

"काका, दोन डॉक्टरांनी सांगितलं तरी का नाही घेत?"

काकांनी पाना खाली ठेवला. "आता तुले सांगूनच टाकतो. तुह्या बापानं मले पाठोलं होतं. धडधाकट माणूस पाठवायचा अन् तू त्याले गोळ्या देते का नाही ते पाह्यचं. मी तं नकली प्रवासी होतो, माय."



"पण काका, आजार खरा आहे."

"मी पेशंटच खरा नव्हतो. मंग आजार खरा कुठून येईन?"

"आणि संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं ते?"

"तुहा बाप म्हणे, ते दोघं एकाच डेपोचे हायेत. एकमेकाले सांभाळून घेतेत."

*

त्या दिवशी मी खरंच खचले. बापानं परीक्षा घेतली याचं एवढं नाही. मी त्यात नापास झाले असं त्यांना वाटतं, आपली मुलगी धडधाकट माणसाला आजारी ठरवून पोट भरते असं त्यांना वाटतं, आणि त्या समजुतीपायी एक चांगला माणूस कधीही लुळा पडू शकतो, याचं फार वाईट वाटलं. आमच्या चौघांच्या ग्रुपवर मी सगळं लिहिलं आणि शेवटी लिहिलं, "प्रशांत, मी येते पुण्याला."

प्रशांतनं लिहिलं, "शेवटचं उत्तर तीस मेला दे. रागात देऊ नको."

रेणुकानं काहीच लिहिलं नाही. फक्त ईसीजी मागवून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांचा फोन वाजला. मी दवाखान्यातून जेवायला आले होते. आबांनी सवयीनं स्पीकर चालू केला.

"मी डॉक्टर रेणुका. प्रज्ञाच्या बॅचची. पेशंट नामदेव यांच्याबद्दल विचारायचंय. मला हे प्रकरण पटलेलं नाही."

आबा ताठ बसले. "काऊन?"

"ईसीजी त्यांचाच आहे कशावरून?"

"म्हंजे?"

"तारा लावताना तिथं तुम्ही स्वतः होतात?"

"चिखलीले नव्हतो. संभाजीनगरले होतो."

"त्या ईसीजीवर नाव होतं? वेळ होती?"

"होती. मी पाह्यली."

"पेशंट चिखलीहून निघाला तोच तिथं पोचला, मध्ये बदलला नाही, याला साक्षीदार?"

आबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड आला. खुर्ची ओढून ते फोनच्या जवळ सरकले. "जीपमध्ये माह्या बाजूलेच होता तो. मी नजर हटू देली नाही."

तासभर चाललं. रेणुका एकेक शंका काढत होती आणि आबा एकेक शंका खोडत होते. माझं जेवण तसंच राहिलं. शेवटी आबांनीच विचारलं, "बाई, तुमचं काम नेमकं काय हो?"

"नाही म्हणायचं, काका."

"अन् याले काय म्हंता?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग रेणुका म्हणाली, "खूप प्रयत्न केला. याला नाही म्हणता येत नाही."

आबांनी फोन ठेवला. मी म्हटलं, "आबा, तीपण आमच्याच डेपोची आहे."

"असू दे. तिले नाही म्हणायचा पगार हाये." चप्पल घालता घालता ते एवढंच बोलले आणि बाहेर पडले. नामदेवकाकूंनी नंतर सांगितलं, की त्यांनी वाटेत स्वतः गोळ्या घेतल्या, काकांना खाटेवर बसवलं आणि गोळी गिळल्यावर तोंड उघडायला लावून आत बघितलं.

*

तीस तारखेला दवाखान्यात गर्दी होती. संध्याकाळी प्रशांतला शेवटचं उत्तर द्यायचं होतं, त्यामुळे माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे. पडदा सरकला आणि आबा आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. नंबर लावून, बाकावर सगळ्यांसारखे थांबून आले होते.

समोर बसले आणि मनगट पुढं केलं.

"काय होतंय आबा?"

त्यांनी मनगट आणखी पुढं सरकवलं.

मी नाडी बघितली. बीपी दोन्ही हातांचं घेतलं. छाती ऐकली, पोट बघितलं, पायावर सूज आहे का बघितलं. ईसीजी काढला. शुगर बघितली. एरवी लागतो त्याच्या दुप्पट वेळ लावला.

"आबा, काही झालेलं नाही तुम्हाला."

"गोळी?"

"नको."

"टॉनिक?"

"नको."

"एखादं इंजेक्शन, सलाईन, बाहेरची तपासणी?"

"काहीच नको. घरी जा."

आबांनी शर्टाची बाही खाली केली. मग माझ्या हाताखालचं पॅड ओढून वरचा कोरा कागद फाडला, खिशातलं पेन काढलं आणि चष्मा नाकावर घेऊन सावकाश काहीतरी लिहिलं. कागद माझ्यासमोर सरकवून ते उठले.

"तपासले. बरोबर." खाली चिखली, आजची तारीख आणि सही.

मी वर बघितलं तोवर ते पडद्यापाशी पोचले होते. बाहेर पुढच्या नंबरची म्हातारी उठू की नको अशी बसली होती. आबा तिला म्हणाले, "जाय वो माय, बिनधास्त जाय. गाडी बरोबर हाये."